आधी तो आरसा माळ्यावरून खाली काढा

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला 93 टक्के होते. जेम्स वेब दुर्बिणीचे फोटो आले तेव्हापासून म्हणते मला स्पेस टेलिस्कोप बनवायचाय. आम्ही तिला नासातच पाठवायचं ठरवलंय. पहाटे साडेपाचचा क्लास लावलाय, 3 लाखांची नासा टूरही करणार आहोत. घरी ती पावडर टाकून दोन गोल काचा एकमेकांवर घासत बसायची, अभ्यास बुडतो म्हणून तो पसारा जेईई होईपर्यंत माळ्यावर टाकला. हल्ली ती नीट बोलत नाही. फिजिक्सला 100 पैकी 52 आलेत. तिचे पप्पा म्हणतात, एवढा खर्च करतोय तर रँक यायलाच पाहिजे. नाही आली तर ड्रॉप घ्यायला लावावा का? — एक आई, जळगाव

ताई, मार्कांवर येतोच, पण मला धास्ती वाटली ती त्या माळ्याची.

त्या काचा म्हणजे टेलिस्कोपचा आरसा आहे हो. खालची काच स्थिर, वरची तिच्यावर पुढेमागे घासायची, मध्ये कार्बोरंडमची (काच झिजवणारी कडक) पावडर आणि पाणी, दर थोड्या वेळाने काच फिरवायची. तासन्‌तास घासलं की वरची काच हळूहळू खोलगट होते आणि खालची फुगीर. मग बारीक पावडर, अजून बारीक, शेवटी डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साइड लावून पॉलिश. आरसा चांगला झाला म्हणायचं तर पृष्ठभागातली चूक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास आणावी लागते, आणि हे हाताने जमतं, लोक घरी करतात. तर टेलिस्कोप बनवायचाय म्हणणाऱ्या मुलीचा अर्धा झालेला टेलिस्कोप तुम्ही माळ्यावर टाकलात आणि आता टेलिस्कोपवाल्यांचं ऑफिस बघायला तिला 3 लाखांच्या टूरवर पाठवताय, हे गणित मला कळलेलं नाही. ती टूर म्हणजे सहल आहे, मजा येते, फोटो येतात, ॲडमिशनला त्याचा काडीचा उपयोग नाही. पैसे भरले नसतील तर भरू नका.

तिला बहुतेक माहीत असेल, पण तुम्हीही ऐका. 1990 साली हबल ही नासाची अंतराळ दुर्बीण वर गेली आणि फोटो धूसर यायला लागले, कारण 2.4 मीटरच्या आरशाची कड 2.2 मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चुकली होती. आरसा तपासायच्या उपकरणातच एक भिंग 1.3 मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या, कमी अचूक समजल्या जाणाऱ्या तपासण्यांमध्ये गडबड दिसत होती, पण लोकांनी मोठ्या उपकरणावर विश्वास ठेवला. 1993 मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली. वेब तर 15 लाख किलोमीटरवर आहे, तिथे पाना घेऊन कोण जाणार? म्हणून तिचे बेरिलियमचे 18 आरसे अतिथंडीत नेऊन मोजले आणि थंडीत जसे वाकतात त्या हिशोबाने मुद्दाम थोडे "चुकीचे" पॉलिश केले, म्हणजे वर गेल्यावर बरोबर होतील. ही असली डोकेबाज गंमत तुमच्या मुलीला कळते आणि म्हणूनच ती तासन्‌तास घासत बसते. तो टाइमपास नव्हता.

आता एक मोठा गैरसमज, आणि तो तुमचा एकट्यांचा नाही. टेलिस्कोप बनवायचा म्हणजे खगोलशास्त्रज्ञ व्हायचं आणि नासात जायचं, असं सगळ्यांना वाटतं. काय बघायचं हे खगोलवाले ठरवतात, पण तो डोलारा उभा करणारे बहुतेक मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑप्टिक्स, थर्मल, मटेरियल्स, सॉफ्टवेअरवाले आणि हाताचं काम पक्कं असलेले टेक्निशियन असतात. वेबमध्ये 344 जागा अशा होत्या की एक जरी फसली तर मिशनच धोक्यात, आणि 2018 मध्ये आवाजाच्या हादऱ्यांची टेस्ट घेतल्यावर सनशील्डच्या, म्हणजे ऊन अडवणाऱ्या पडद्याच्या भागातले स्क्रू-वॉशर सुटून पडलेले सापडले. स्क्रूसुद्धा कुणीतरी जीव ओतून बसवायला लागतो. शिवाय नासाच्या कायम नोकरीला साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं, ते टूरवाला सांगणार नाही. भारतीय लोक तिथल्या मिशनवर काम करतात, पण बरेचसे पीएचडी, युनिव्हर्सिटी, कंपन्या अशा वाटेने. आणि जळगावहून पुणे जवळ आहे ना? 2023 च्या आदित्य एल1 या इस्रोच्या सूर्ययानावरचा सूट हा सूर्याचा टेलिस्कोप पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेने इस्रोबरोबर बनवला. 2015 च्या ॲस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल उपग्रहावरची काही उपकरणं मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची. हे तिला दाखवा.

परीक्षांचं म्हणाल तर जेईई ॲडव्हान्सवरून आयआयटी किंवा तिरुअनंतपुरमची आयआयएसटी हे अंतराळ तंत्रज्ञानाचं कॉलेज, सीईटीवरून राज्यातलं कुठलंही बरं मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, आणि फिजिक्सच हवं तर आयसर या विज्ञान संस्थांची टेस्ट नाहीतर नेस्ट ही तशीच दुसरी प्रवेश परीक्षा. बस, यात मार्गदर्शन करण्यासारखं काही नाही, क्लासवाले रोज सांगतातच.

घाई कसली आहे तेच मला समजत नाही. वेबची कल्पना निघाली ते उड्डाण यात तीस वर्षांहून जास्त काळ गेला. दुसऱ्या ग्रहांवर जीवसृष्टीच्या खुणा शोधणारी नासाची पुढची मोठी दुर्बीण 2040 च्या दशकात जायची आहे, तोवर तुमची पोरगी पस्तिशीच्या आसपास असेल, म्हणजे ऐन कामाच्या वयात. या धंद्यात चिकाटीने टिकून राहणाऱ्यांचं काम आहे. सोळाव्या वर्षीच स्वतःचीच आवड कर्जाच्या हप्त्यासारखी वाटायला लागली तर ती टिकणार कशी? पप्पांना हे वाचून दाखवा. "एवढा खर्च करतोय" हे वाक्य तिच्या कानावर रोज पडत असणार, आणि आवड तिची असली तरी "नासातच पाठवायचं ठरवलंय" हे तुमचं वाक्य आहे, तिचं नाही.

तो आरसा या रविवारी खाली काढा आणि पुढचं काम तिचं तिला करू द्या, आठवड्याला तीन-चार तास गेले म्हणून जेईई बुडत नाही. अडली तर हौशी आकाशनिरीक्षकांचे ग्रुप मदत करतात, आयुकानेही अशा टेलिस्कोप बनवायच्या कार्यशाळा घेतल्या आहेत.

ड्रॉपचं अकरावीत ठरवायचंच नसतं, आणि "लावावा का" हा शब्द तर मुळीच नको, बारावी झाल्यावर ती स्वतः म्हणाली तर बोलू. 52 चा पेपर घेऊन तिच्याशेजारी बसा, टोटल न बघता चुका बघा, कन्सेप्ट कळला नाही की गणितं पुरी करायला वेळ पुरला नाही, दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. क्लास साडेपाचचा लिहिलाय, ती रात्री झोपते किती वाजता ते लिहिलेलं नाही. सगळ्यात आधी ते बघा.