पुदिन्याची तिसरी कापणी बिनवासाची का येते?

प्रश्न : हवेली तालुक्यात माझा आठ गुंठे पुदिना आहे. पहिली कापणी उत्तम निघाली. त्यानंतर दर बावीस-पंचवीस दिवसांनी कापतो, तर पाने बारीक आणि बिनवासाची येतात. कृषी सेवा केंद्रातून युरिया व टॉनिक वाढवण्यास सांगितले आहे. काय करावे?

उत्तर : टॉनिक आजच बंद करावे. आपले दुखणे खताच्या कमतरतेचे नसून घाईचे आहे. कापलेला पुदिना धावत्या खोडांत साठवलेल्या अन्नावर फुटतो, आणि नव्या पानांनी तो साठा भरून काढण्याआधीच पुन्हा विळा लागला, तर प्रत्येक फूट आधीच्याहून अशक्त येते. असे वाफे मी मांजरीपासून पुरंदरपर्यंत पाहिले आहेत, आणि बहुतेक ठिकाणी उपाय म्हणून युरियाचे पोतेच उघडलेले होते. युरियातल्या जादा नत्राने पाला हिरवागार दिसतो खरा, परंतु तो पाणचट होतो, वास फिका पडतो, मावा येतो आणि जुडी मार्केट यार्डात पोहोचेपर्यंत मान टाकते.

कापणीनंतर पाणी देऊन नवी फूट दिसल्यावर गुंठ्याला पाऊण किलो युरिया पुरे. दुकानदार दोन किलो म्हणाला तरी पाऊण किलोच, आणि कोरड्या जमिनीत तोही नको. जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाची टॉनिके दांडा लांबवतात, वास वाढवत नाहीत. काढणीच्या तोंडावर ‘चमक येण्यासाठी’ कोणतीही फवारणी करू नये. हा पाला लोक चटणीत कच्चा खातात.

माझा आग्रह पाळीने कापण्याचा आहे. आठ गुंठ्यांचे चार भाग करून दर दहा दिवसांनी एकच भाग कापावा, म्हणजे प्रत्येक भागाला चाळीस दिवस मिळतात आणि माल सतत निघतो. जमिनीपासून चार बोटे राखून, धारदार विळ्याने, सकाळी आणि फुलोऱ्यापूर्वी कापावे. कोथिंबिरीला हा हिशेब लावू नये. ती एका हंगामाची असून लवकर फुलावर जाते, म्हणून दुसऱ्या कापणीनंतर उपटून नवे बी टाकावे.

 

सध्याच्या पिकाला मात्र भाव चढला तरी चाळीस दिवस विळा लावू नये.