ठाणे स्टेशनच्या पुलावर पिझो फिल्म (दाबली की वीज देणारा पातळ पापुद्रा) अंथरली तर पुलाचे दिवे लागतील का?

दिवे विसरा. 70 किलोच्या माणसाच्या पायाखाली लादी 5 मिलिमीटर दबली, तरी एका पावलातून साडेतीन जूलच्या वर काही मिळत नाही, तेही सगळं पकडता आलं तर. मोबाइलच्या 15 वॅट-तासांच्या बॅटरीला 54,000 जूल लागतात. आणि पातळ फिल्म एवढी दबतच नाही, त्यामुळे हाती येतं ते मिलिजूलच्या घरात किंवा त्याहून कमी. संध्याकाळच्या गर्दीनेही हे गणित बदलत नाही.

मग पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिक-रबरासारख्या पदार्थाच्या, फिल्मच्या मागे का लागायचं? पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट) हे सिरॅमिक दाबल्यावर विद्युतभार भरपूर देतं, पण ते ठिसूळ, वर त्यात शिसं. पीव्हीडीएफ हे पॉलिमर लवचीक आहे (दाबल्यावर वीज देण्याचा त्याचा गुण कावाई यांनी 1969 मध्ये दाखवला), पण विद्युतभार बराच कमी. म्हणून त्यात किंवा सिलिकॉन रबरात बेरियम टायटनेट या पिझो सिरॅमिकची पूड मिसळतात. खरी मेख इथे आहे. पूड वाढवली की फिल्म कडक होते. नीट विखुरली नाही तर गुठळ्या होतात आणि पोलिंगसाठी (आतले विद्युत-ध्रुव एका दिशेला वळवण्यासाठी) जबर विद्युतदाब दिला की फिल्म नेमकी तिथेच जळून भोक पडतं.

फिल्मला ऑसिलोस्कोप (विद्युतदाबाचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून टिचकी मारली की बरेच व्होल्ट दिसतात, पोरं हुरळतात. करंट मात्र मायक्रोअँपिअरमध्ये!

कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर दिव्यांऐवजी सेन्सर घ्या: वाशी खाडीपुलासारख्या ठिकाणची कंपनं मोजणारा, कपॅसिटर भरला की एकदा आकडा पाठवून पुन्हा झोपणारा. फिल्मची उलटसुलट वीज एकाच दिशेने वळवायला ब्रिज रेक्टिफायर लागेलच.