मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) मारायला औषध मारलं, पंधरा दिवसांत दुप्पट झाला. औषध बनावट होतं का?

बनावट नसावं. त्यानं काम केलं म्हणूनच असं झालं असावं.

तुम्ही लिहिलंय, चवळीवर फवारलं तेव्हा मावा गेला, पण माव्याबरोबर 'काटेरी अळ्या'ही मेल्या. त्या अळ्या कोणाच्या होत्या? पुरंदरला आमचं वाटाण्याचं रान आहे. काळी-नारिंगी, मगरीसारख्या अंगाची अळी दिसली की मी त्याच संध्याकाळी पंप पाठीवर घ्यायचो. ती ढालकिड्याची अळी, हे फार उशिरा कळलं. मोठी होईपर्यंत एकेक अळी शेकडो मावा खाते. लाल, ठिपकेवाला ढालकिडा पोरंसुद्धा ओळखतात. त्याची अळी मात्र कीड समजून मारली जाते. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता हिशेब बघा. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं देते आणि आठवड्याभरात ती पिल्लंही व्यायला लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून किडा व्हायला अडीच-तीन आठवडे हवेत. पानाखाली चार मावे वाचले तरी त्यांना खाणारं कोणी उरत नाही. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं औषध तर ढालकिड्याच्या अंगावर पडायचीही गरज नसते. विष भिनलेला मावा खाऊन तो मरतो, नाहीतर जगला तरी अंडी कमी घालतो.

डब्यावरचा हिरवा त्रिकोण बघून निर्धास्त होऊ नका. ते रंग औषध माणसा-जनावरांना किती विषारी यावर ठरतात, ढालकिड्यासारख्या, कीड खाणाऱ्या मित्रकीटकांचा त्यात विचार नाही.

२००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा उंच उसात फवारणी नीट पोचत नव्हती. कोनोबाथ्रा या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा किडा, या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांनी तो आटोक्यात आणला. ते दिसतील त्या फडात औषध मारू नका, असंच तेव्हा सांगितलं जायचं.

तुम्ही सायपरमेथ्रिनसारखी, मित्रकीटकांनाही मारणारी औषधं आणि दोन-तीन औषधांची मिश्रणं आधी बंद करा. फवारायच्या आधी सकाळी दहा-बारा झाडांची पानं उलटून बघा. केसाएवढ्या बारीक देठावर अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, त्याची अळीही मावा खाते. अशी अंडी, अळ्या बऱ्यापैकी असतील तर चार-पाच दिवस थांबा. फारच मावा असेल तेवढ्याच शेंड्यांवर संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क मारा. आणि फुगलेला, तपकिरी, कागदासारखा मावा दिसला तर तो शेंडा खुडू नका. त्या मेलेल्या माव्याच्या आत चिमुकल्या गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं.