ब्रिटनमध्ये एअर कॅडेट, म्हणजे हवाई दलाच्या युवा संघटनेतल्या मुलांना ग्लायडर कोण शिकवतं? पगारी वैमानिक का?

नाही, बहुतेक सगळे स्वयंसेवक. रॉयल एअर फोर्सची 'व्हॉलंटिअर ग्लायडिंग स्क्वाड्रन' नावाची पथकं आहेत. आठवडाभर आपापली नोकरी करायची आणि शनिवार-रविवारी धावपट्टीवर हजर व्हायचं, असा त्यांचा खाक्या. त्यांतले काही जण तर स्वतः एकेकाळी कॅडेट म्हणून इथेच शिकलेले.

विमान म्हणजे दोन आसनांचं 'व्हायकिंग'. इंजिन नाही. दूरवरचं विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, दोर सरसर ओढतं आणि ग्लायडर पतंगासारखं उभं चढतं (पुण्यात हडपसरला हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल). वर गेल्यावर दोर सोडायचा. उड्डाण मिनिटांचं, पण पंख धरणं, दोर अडकवणं या कामांना दिवसभर माणसं लागतात. तिथे कॅडेटही राबतात. माझ्या मते खरी शिस्त तिथेच लागते.

मात्र सगळं सुरळीत चाललं असं नाही. एप्रिल 2014 मध्ये विमानांच्या देखभालीच्या नोंदींवरून शंका आल्या आणि उड्डाणं थांबली, ती दोनेक वर्षं. 2016 च्या फेररचनेत अनेक पथकं बंद झाली. मोटर असलेली 'व्हिजिलंट' ग्लायडर्स तर पुढे कायमची निवृत्त केली.