स्नूकरमध्ये पिंक आणि ब्लॅक हे दोनच चेंडू उरलेत, मी १५ ने मागे आहे. फ्रेम (डाव) सोडू का?

एवढ्यात नको. टेबलावर पिंकचे ६ आणि ब्लॅकचे ७, म्हणजे १३ गुण आहेत. पण पिंकवर समोरच्याचा एक फाउल झाला की तुम्हाला ६ मिळतात (क्यू बॉल, म्हणजे पांढरा चेंडू, आधी ब्लॅकला लागला तर ७), फरक ९ वर येतो आणि मग दोन्ही घेतले की फ्रेम तुमची. अगदी १९ ने मागे असलात तरी बरोबरी होऊ शकते. तेव्हा ब्लॅक परत स्पॉटवर (त्याच्या ठरलेल्या जागी) ठेवतात आणि टॉस होतो.

मात्र पिंक आयता दिसला तरी आत्ता पॉट करायचा (पॉकेटमध्ये घालायचा) नाही! एकटा ब्लॅक उरला की स्नूकर करायला (म्हणजे समोरच्याची थेट वाट अडवायला) चेंडूच राहत नाही, आणि फरक ७ पेक्षा जास्त असेल तर फ्रेम तिथेच संपते. आडोसा काय तो ब्लॅकचाच. तो स्पॉटवर असेल तर पिंक बॉककडे (ब्लॅकच्या विरुद्ध टोकाकडे) पाठवा आणि क्यू बॉल ब्लॅकच्या मागे, वरच्या कुशनलगत (टेबलाच्या कडेलगत) थांबवा. इथे कोनापेक्षा वेग जास्त सांभाळावा लागतो. पिंक पॉकेटच्या तोंडाशी गेला तर खेळ खलास. कुशनला मधोमध चिकटला तर उत्तम, कारण स्नूकर हुकला तरी समोरच्याला सोपा पॉट मिळत नाही. फाउल झाल्यावर मांडणी अवघड वाटली तर त्यालाच पुन्हा खेळायला लावा.

पुण्यात टेबल तासावर घेतलेलं असलं की मित्र लगेच "सोड रे, पुढची लाव" म्हणतात. दोन फाउल लागत असतील तर मीही तेच म्हणेन.