रक्त काढून कळेल का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, दिव्याजवळ माझा ११ गायींचा गोठा आहे. दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय विल्यावर तीन आठवड्यांनी बिघडली. आंबोण टाकायची, भिंत आणि लोखंडी खुंटा चाटत बसायची, चालताना झोक जायचा, धार काढायला गेलं की अंगावर यायची. कोपरखैरण्याच्या भाच्याने मोबाइलवर बघून सांगितलं, मामा, ही मॅड काऊ. घशात काही अडकलंय का म्हणून त्याने तोंडात हातही घातला. डॉक्टरांनी ग्लुकोजची सलाईन लावली आणि दोन दिवसांत गाय सावरली. आज १८ दिवस झाले, ठणठणीत आहे. भाचा म्हणतो, सगळ्या गायींचं रक्त तपासून घे, रोग लवकर कळेल. ही तपासणी कुठे होते? दूध विकू का? आणि महिनाभर मी स्वस्तात मिळालेलं कोंबडीखाद्य आंबोणात मिसळतोय, त्याचा संबंध असेल का?
— एक गोपालक, दिवा

उत्तर : दादा, आधी दुधाचं. विका. मॅड काऊ हा गायीच्या मेंदूचा रोग, तो दुधातून पसरल्याचं कुठेही आढळलेलं नाही, आणि तुमच्या गायीला तो नाहीच. नौपाड्यात घरी बसून मी हे कशी सांगते? ती बरी झाली म्हणून. त्या रोगातून गाय उठत नाही. काही आठवडे, काही महिने खंगत जाते आणि मरते.

तुमचं वर्णन वाचताना मला किटोसिस दिसला. विल्यावर दूध वाढतं, खाणं कमी पडतं, मग अंगातली चरबी वितळून रक्तात किटोन साठतात. काही गायींच्या ते डोक्यात चढतं आणि त्या चाटत, झोकांड्या खात सुटतात. श्वासाला गोडसर वास येतो. लघवीतले किटोन दाखवणारी रोथेरा चाचणी केली तर जांभळा रंग येतो, पाच मिनिटांत, गोठ्यात उभ्या उभ्या. लवकर तपासायचंच असेल तर पुढच्या वेताला दहाव्या दिवशी ही करून घ्या.

भाच्याचा प्रश्न मात्र चांगला आहे. त्याला सांगा, जिवंत गायीचं रक्त काढून मॅड काऊ ओळखणारी मान्य चाचणी जगात कुठेच नाही. पैसे घेऊन कोणी ‘करून देतो’ म्हणाला, तर त्याला चहाही पाजू नका.

कारण असं. इतर रोगांत जंतू बाहेरून येतो, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, ती आपण रक्तात शोधतो. इथे जंतूच नाही. प्रायॉन म्हणजे गायीचंच एक प्रथिन, फक्त घडी चुकलेलं. शरीराला ते परकं वाटत नाही, त्यामुळे प्रतिपिंडं नाहीत, तापही नाही. विरजणाचा थेंब दुधाला दही करतो तसं हे चुकीचं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं करत जातं. वासरूपणी लागण झाली तर लक्षणं दिसायला सरासरी चार-पाच वर्षं जातात. मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगात ते टॉन्सिलमध्ये, गुदाशयाच्या अस्तरात साठतं, म्हणून जिवंतपणी तुकडा काढून पाहता येतं. गायीत ते मुख्यतः मेंदूतच साठतं. म्हणून गाय मेल्यावर किंवा कापल्यावर मेंदूच्या देठाचा तुकडा तपासतात, आणि तोही लक्षणांच्या फार तर काही महिने आधीच पॉझिटिव्ह येतो.

युरोपात २००१ पासून ३० महिन्यांवरच्या कापलेल्या प्रत्येक गायीचा असा तुकडा तपासत. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये रोग ओळखला गेला, एकूण १ लाख ८० हजारांहून जास्त गायी त्यात सापडल्या. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी तिथे गायींना खाऊ घालत होते, त्यातूनच तो पसरला. रवंथ करणाऱ्याला मांस! १९८८ मध्ये ते बंद केलं तरी आकडा १९९२ पर्यंत चढतच राहिला, कारण आधी लागण झालेल्या गायींच्या अंगात रोग मुरत होता.

नवं काही निघालंय का? निघालंय. प्रयोगशाळेत नमुन्यातल्या अगदी थोड्या प्रायॉनला ताजं प्रथिन पुन्हा पुन्हा देऊन वाढवतात, म्हणजे विरजण लावत राहायचं, दिसेल इतकं दही होईपर्यंत. माणसातल्या याच जातीच्या रोगासाठी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून ही पद्धत वापरतात. तुमच्या गोठ्यापर्यंत ती आलेली नाही.

आता भाच्याच्या हाताबद्दल. हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. नोकरीच्या सुरुवातीला घणसोलीत एक म्हैस लाळ गाळत होती. घशात आंब्याची कोय अडकली असेल म्हणून मी कोपरापर्यंत हात घातला. कोय नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हैस मेली, रेबीज निघाला आणि मी पाच इंजेक्शनं घेतली. वर साहेबांची बोलणीही खाल्ली, ती जास्त लागली. ‘मॅड काऊ’चं मराठीत ‘पिसाळलेली गाय’ करतात त्याचा मला म्हणूनच राग येतो. आपल्याकडे गाय पिसाळते ती कुत्रं चावून. तुमची गाय १८ दिवस जिवंत आहे. रेबीज असता तर लक्षणं दिसल्यापासून दहा दिवसांच्या आत संपली असती, त्यामुळे भाचा सुटला. पुढच्या वेळी गाय विचित्र वागली तर हात खिशात, आणि निदान होईपर्यंत दूध घरातही नको, विकायलाही नको.

राहिली पोती. कोंबडीखाद्यात मासळीची, कधी मांस-हाडांची भुकटी असते. रवंथ करणाऱ्यांच्या खाद्यात मांस-हाडांची भुकटी घालायला आपल्याकडे बंदी आहे, आणि मॅड काऊचा धोका नगण्य असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. एका महिन्याच्या आंबोणाने तो रोग येईल असं मी म्हणत नाही. पण मासळीच्या वासाने गायीने आंबोण टाकलं असेल आणि त्यातूनच किटोसिस झाला असेल, ही शंका मला आहे. उरलेली पोती कोंबड्या पाळणाऱ्याला देऊन टाका. गायीला सरकी पेंड, मका भरडा, वरून खनिज मिश्रण. यापुढे पोतं घेताना शिवणीवरची चिठ्ठी भाच्याला वाचायला लावा, त्याला तेवढं काम द्याच.