नॅनोवाली रिसायकल पिशवी काजूगरांना चालेल का?

प्रश्न: आम्ही वेंगुर्ल्याकडच्या बचतगटातल्या बायका काजूगर आणि कोकम आगळ विकतो. पावसाळ्यात गर मऊ पडतात, खवट होतात. पिशव्यांचा एजंट म्हणतो रिसायकल प्लास्टिकमध्ये नॅनो मटेरियल घातलंय, हवा लागत नाही, वर स्वस्त पण. घेऊ का?

उत्तर: ताई, एजंट अगदीच थापा मारत नाहीये. प्लास्टिक परत वितळवलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात, माल कमजोर होतो. त्यात नॅनो क्ले, म्हणजे जेमतेम 1 नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) जाडीच्या मातीच्या चकत्या, साधारण 1 ते 5 टक्के मिसळतात. मग ऑक्सिजनला आणि दमट हवेला गणपतीआधीच्या बाजारातून जावं तसं वळसे घेत आत जावं लागतं, त्यामुळे गर जास्त टिकू शकतात. पण ती माती नीट पसरली पाहिजे हां, गोळे राहिले तर पिशवी उलट तिथेच फाटते.

खरी गोम वेगळीच आहे. नॅनो घातलं म्हणून घाण प्लास्टिक स्वच्छ होत नाही! आधी त्यात फिनेल होतं की कीटकनाशक, कोणाला ठाऊक, आणि काजूत तेल भरपूर, ते प्लास्टिकमधली असली केमिकल्स पटकन ओढून घेतं. आगळासाठी तर अजून जपा, कारण काही पिशव्यांत जंतू मारायला नॅनो झिंक ऑक्साइड घालतात आणि ते आंबटात विरघळतं, म्हणजे जस्त थेट आगळात.

कायद्याचं म्हणाल तर एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 2018च्या नियमांत रिसायकल प्लास्टिक खाण्याच्या मालाला चालतच नव्हतं, 2022मध्ये दार किलकिलं झालं तेही फूड ग्रेड पेटसाठी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, अन्नाला चालेल अशा दर्जाचं), भंगारातून केलेल्या कुठल्याही पिशवीसाठी नाही. युरोपात तर प्लास्टिकमध्ये घालायच्या प्रत्येक नॅनो पदार्थाला वेगळी परवानगी लागते.

तेव्हा एजंटला सरळ विचारा, कुठलं प्लास्टिक, आत काय घातलंय, आणि आयएस 9845 या भारतीय मानकाप्रमाणे केलेला मायग्रेशन रिपोर्ट मागा, म्हणजे प्लास्टिकमधून अन्नात किती उतरतं त्याची टेस्ट (मर्यादा किलोमागे 60 मिलीग्रॅम). "सगळे हेच वापरतात" हे उत्तर आलं तर चहा पाजून पाठवून द्या. सध्या गरांना नवीन मालाचे मल्टीलेयर पाऊच, आगळाला काचेची बाटली. पैसे वाचवायचेच तर रिसायकल माल बाहेरच्या मोठ्या पिशवीला वापरा, तिथे तो अन्नाला लागत नाही.